उपप्रश्न

साहेब दाराकडे पाठ करून कधी बसले नाहीत. सिंगापूरमधल्या पुंगोलच्या त्या फ्लॅटमध्ये सोफा टीव्हीकडे तोंड करून होता, जसा तो सगळ्यांच्या घरी असतो. साहेब आले आणि सोफा फिरला. मॅच चालू असली तरी साहेब दाराकडे बघत बसत आणि पाठीमागची मॅच नुसती ऐकत. मी तिथे खोली भाड्यानं घेतली तेव्हा पहिले काही दिवस मला याचं इतकं हसू यायचं की पाण्याची बाटली भरायच्या निमित्तानं मी स्वयंपाकघरात जाऊन हसून घ्यायची. पुढे हसू बंद झालं. एका दुपारी ऑफिसजवळच्या खाण्याच्या टपऱ्यांत, हॉकर सेंटरमध्ये, मैत्रिणीला सरकवून मी भिंतीकडेची खुर्ची धरली आणि जेवणभर येणाऱ्याजाणाऱ्यांचे चेहरे बघत बसले. तेव्हा कळलं की साहेबांची भीती मलाही लागली आहे.

साहेब म्हणजे माझ्या घरमालकिणीचे वडील. तिला मी ताई म्हणायची. ताई आंग मो किओच्या एका इलेक्ट्रॉनिक्स कंपनीत मॅनेजर, तिचा नवरा कामानिमित्त महिन्यातले बरेच दिवस जकार्तात, आणि मुलगी मिनू दुसरीत. मी रॅफल्स प्लेसच्या एका बँकेत अकाउंट्सचं काम करायची. नोकरीच्या वर्क पासवर आलेली, एकटी आणि पुण्याची. यातली शेवटची गोष्ट साहेबांना फार महत्त्वाची वाटे. मला ते 'पुणेकर बाई' म्हणत. त्यात कौतुक किती आणि टोमणा किती, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

कधीकाळी साहेब आमदार होते आणि थोडे दिवस राज्यमंत्री. त्यांचा मतदारसंघ महाराष्ट्राच्या पार पूर्वेच्या टोकाला, जंगलात. नदी ओलांडली की दुसरं राज्य. ते पहिल्यांदा निवडून आले तेव्हा तिथे ना रस्ता होता ना पूल. पावसाळाभर तो मुलूख जगापासून तुटलेला असायचा. मूळचे ते शाळामास्तर. डोंग्यात बसून शाळेत जायचे, आणि मतंही डोंग्यात बसूनच मागितली. पुढे तिकडे वीज आली, दवाखाना आला, आणि त्याच सुमारास जंगलात बंदूकवाले आले. "पहिले वीज आली, मंग बंदुका आल्या," असं साहेब एका दमात सांगत, जणू दोन्ही गोष्टी एकाच पंचवार्षिक योजनेत मंजूर झाल्या होत्या.

त्यांच्या बोलण्याची एक तऱ्हा होती. विधानसभेत तारांकित प्रश्न विचारतात, 'हे खरे आहे काय?' आणि मंत्री उत्तर देतात, 'होय, हे खरे आहे', 'हे खरे नाही', 'अंशतः खरे आहे'. ज्याचं उत्तरच द्यायचं नाही तिथे 'प्रश्न उद्भवत नाही'. साहेबांचं मंत्रिपद जाऊन जन्म लोटला, पण ही चार उत्तरं काही त्यांना सोडून गेली नव्हती.

"साहेब, जेवलात का?"

"अंशतः खरे आहे."

म्हणजे वरण-भात झाला, पोळी राहिली. रक्तदाबाची गोळी घेतली का म्हणून ताईनं विचारलं की 'प्रश्न उद्भवत नाही', म्हणजे गोळी कुंडीत गेली. मी हे सगळं पुण्याला आईला फोनवर रंगवून सांगायची. आई म्हणायची, "अगं, म्हाताऱ्या माणसाची चेष्टा करू नये," आणि स्वतःच खो खो हसायची.

एकदा त्यांनी मला सभागृहातली आणखी एक गोष्ट सांगितली. मंत्र्यानं उत्तर दिलं की सदस्य उपप्रश्न विचारतात. कधी, कुठे, कोणी पाहिलं, मग कारवाई का झाली नाही. मंत्र्याची खरी परीक्षा तिथे होते, कारण लेखी उत्तर सचिव लिहून देतो, उपप्रश्नाला मात्र स्वतःला उभं राहावं लागतं. "मी उपप्रश्नात भल्याभल्यांले घाम फोडला आहे, बाई," साहेब म्हणाले. "पण कधी कधी उपप्रश्न येतच नाही. सारं सभागृह गप. काहून, सांगा?"

"उत्तर पटलेलं असतं म्हणून."

"हॅट! उत्तर खोटं आहे हे साऱ्याइले ठाऊक असते म्हणून. अन ते उघडं पडलं तर कोणाचंच भलं नाही, हेही ठाऊक असते. मंग कोणी उठत नाही. अध्यक्ष म्हणतात, पुढचा प्रश्न."

मी हे ऐकलं आणि विसरून गेले.

मी राहायला आले त्याच महिन्यात किल्ली ऑफिसात विसरून घरी आले. बेल वाजवली. बाहेरच्या जाळीतून हात घालून आतलं लाकडी दार ठोठावलं. "साहेब, मी आहे! दार उघडा!" आतून उत्तर नाही. मी नावानिशी, आडनावानिशी ओळख सांगितली. आत साहेब खोकले. दाराच्या अगदी समोर, त्या फिरवलेल्या सोफ्यावर. मी पुन्हा हाक मारली तर खोकलाही थांबला. समोरच्या फ्लॅटमधल्या चिनी आजीनं दार किलकिलं करून माझ्याकडे पाहिलं आणि मला बसायला प्लॅस्टिकचं स्टूल दिलं. ताई कामावरून येईपर्यंत मी त्या स्टुलावर बसून होते. तिनं स्वतःच्या किल्लीनं दार उघडलं.

"बाई बऱ्याच वेळच्या बाहेर होत्या," साहेब तिला म्हणाले.

माझं डोकंच फिरलं. "म्हणजे तुम्हाला ऐकू येत होतं?"

"होय, हे खरे आहे."

"मग उघडलं का नाही?"

"प्रश्न उद्भवत नाही."

मी भांडायला तोंड उघडलं, पण ताईचा चेहरा बघून गप्प बसले. ती रागावलेली नव्हती. ती घाबरलेली होती. दुसऱ्या दिवशी तिनं माझ्या हातात एक जादा किल्ली ठेवली आणि म्हणाली, "ही पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेव. आणि प्लीज, दारातून हाक मारू नकोस. आमच्याकडे मारत नाहीत." तेव्हा माझ्या लक्षात आलं की ताईला मी दारातून हाक मारताना कधीच ऐकलं नव्हतं. ती बेलही वाजवत नसे. दोन्ही हातांत सामान असलं तरी पिशव्या खाली ठेवून किल्ली काढायची.

सकाळी साहेब कॉरिडॉरमध्ये एक फेरी मारत. इथे सगळ्यांची पायताणं दाराबाहेर रॅकवर असतात. साहेब प्रत्येक दारापाशी थांबून त्यांच्याकडे बघत. कोणाकडे पाहुणा आला, कोण गावाला गेलं, सगळं त्यांना ठाऊक. मला वाटे, रिकामटेकडेपणा आहे, दुसरं काय. मी एकदा तसं बोलून दाखवलं, तर ते म्हणाले, "माझ्या घरी रोज शंभर माणूस यायचा, बाई. चेहरा सगळेच गरीब करून येत. मी पायाकडे पाहत असे. जंगलातला माणूस बुटावरून कळे." रोज नवा कोणीतरी बूट घालून येतो आणि आपण त्याच्या पायाकडे बघून ठरवायचं की जगू की मरू, असे दिवस या माणसानं काढले असतील, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही.

पुंगोलची एलआरटी त्यांना फार आवडे. छोटीशी गाडी, घरांच्या मधून गोल गोल फिरते आणि तिला ड्रायव्हर नाही. आम्ही सगळे आपले आईवडील आले की त्यांना ती गाडी दाखवतो आणि ते 'अगं बाई, चालवतं कोण?' म्हणून घाबरतात. साहेबांना उलट हायसं वाटलं. ते तासन्‌तास तिच्यात बसून राहत, आणि ज्या स्टेशनवर उतरतो म्हणून सांगत तिथे हमखास उतरत नसत.

"माझा ड्रायव्हर भला माणूस होता," ते मला एकदा गाडीत म्हणाले. बाहेर कुणाच्या तरी वाळत घातलेल्या चादरी जवळून गेल्या. "त्याले लेकरं होती. लेकरं असलेल्या माणसाले कोणी विचारलं, साहेब उद्या कोणत्या रस्त्यानं जाणार, तर तो काय करणार? सांगेल. मीबी सांगितलं असतं. ह्या गाडीले लेकरं नाहीत."

त्यानंतर त्या गाडीत बसताना मला बरं वाटेनासं झालं.

पण साहेबांना सगळ्यात जास्त आनंद दिला तो बॉम्ब शेल्टरनं. इथल्या नव्या सरकारी फ्लॅटमध्ये प्रत्येक घरात एक छोटी खोली असते, जाड भिंतींची, खिडकी नसलेली, लोखंडी दाराची. लढाई झालीच तर लपायला. लढाई काही होत नाही, म्हणून लोक तिथे तांदळाची पोती, सुटकेसा आणि गणपतीचं मखर ठेवतात. साहेबांना ती खोली काय आहे हे कळलं तेव्हा त्यांनी दारावर हात फिरवला. "हर घरी?" त्यांनी विचारलं. "गरिबाच्याबी?" ताई हो म्हणाली. साहेबांचे डोळे भरून आले. मंत्री असताना त्यांनी स्वतःच्या बंगल्याला असं दार मागितलं होतं आणि बांधकाम खात्यानं नियमात बसत नाही म्हणून कळवलं होतं. दुसऱ्या दिवशी मखर आणि सुटकेसा ताईच्या बेडरूममध्ये गेल्या आणि शेल्टरमध्ये एक खुर्ची, एक बादली पाणी आणि बिस्किटांचे पुडे आले. हवेसाठी भिंतीत असलेल्या भोकांना झाकणं लावायची सोय असते, तीही साहेबांनी मला लावून आणि काढून दाखवली.

ताईनं हे सगळं चालवून घेतलं. म्हातारा माणूस आहे, तिकडे आता कोणी उरलं नाही, बसू दे खुर्ची टाकून. तिची एकच अट होती, ती तिनं त्यांना विमानतळावरून आणतानाच टॅक्सीत घातली होती म्हणे: मिनूला यातलं काही शिकवायचं नाही.

मिनूच्या शाळेतून फोन आला त्या दिवशी मी घरी होते. मिनू बाथरूममध्ये गेली, बराच वेळ आली नाही म्हणून टीचर बघायला गेल्या. नावानं हाका मारल्या. मिनूनं ओ दिली नाही. टीचरनी सगळी दारं वाजवली, रखवालदाराला बोलावलं, आणि शेवटी वरून डोकावल्या तर मिनू कमोडवर पाय वर घेऊन, तोंडावर हात ठेवून बसली होती. घरी आल्यावर ताईनं विचारलं तर वाक्याच्या शेवटी 'ला' लावायच्या इथल्या सवयीनं ती सहज म्हणाली, "आजोबा सेड, नावाने बोलावलं तर आन्सर करायचं नाही. इट्स अ गेम ला, ममी."

तो खेळ ते दोघं कितीतरी दिवस खेळत होते. मिनू शाळेतून आली की शेल्टरमध्ये जायचं, दार लावायचं आणि गप्प बसायचं. जो आधी आवाज करेल तो हरला. मिनूला दम्याचा त्रास, तरी ती खोकला दाबायला शिकली होती.

ताई कधी आवाज चढवत नसे. त्या दिवशी चढवला. "बाबा, मी एवढ्या लांब कशासाठी आले? समुद्र ओलांडून, पासपोर्ट बदलून? माझ्या पोरीला हे कळू नये म्हणून आले मी! आणि तुम्ही ते बॅगेत भरून इथवर घेऊन आलात?"

साहेब दाराकडे बघत राहिले. "अंशतः खरे आहे," ते म्हणाले.

"बाबा!"

"पोरगी जिवंत राहील. तेवढंच मले शिकवता येते."

ताईनं शेल्टरमधली खुर्ची बाहेर काढली आणि मिनूला तिथे जायची बंदी केली. साहेब मान हलवून हो म्हणाले. मला मात्र ते हो खरं वाटलं नाही.

सिंगापुरात वर्षातून दोनदा संध्याकाळी चाचणीचा भोंगा वाजतो. आधी बातम्यांत सांगतात, फोनवर कळवतात. आम्ही इतके सरावलेले की हातातलं काम थांबतही नाही. साहेबांना मात्र कोणी सांगितलंच नव्हतं. मी त्या दिवशी तापानं घरीच होते, खोलीत पडलेली. भोंगा सुरू झाला, सगळ्या इमारतींवरून एकदम. मी कूस बदलली. तो थांबल्यावर घरात इतकं शांत वाटलं की मी उठून बाहेर आले.

हॉलमध्ये कोणी नव्हतं. टीव्हीवर कार्टून चालू. टेबलावर मिनूचं अर्धं केळं, वही, आणि वहीवर तिचा निळा इनहेलर. शेल्टरचं दार बंद.

मी दाराची मूठ फिरवली. फिरली नाही. साहेबांनी आतून आपली काठी अडकवली असणार. "साहेब, टेस्टिंगचा भोंगा होता! काही झालेलं नाही! मिनू, बाहेर ये गं!" आत चिडीचूप. मी लोखंडावर हात आपटले, हाताला झिणझिण्या आल्या. दाराला कान लावला. आधी काहीच नाही. मग एक खोकला, दाबलेला, छोटा. भोकांवर झाकणं लावली असणार, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. मी ताईला फोन केला. रडत होते की ओरडत होते, ठाऊक नाही.

"अँब्युलन्स बोलावते, फायरवाले येऊन दार कापतील," मी म्हणाले.

"नको!" ताई टॅक्सीत बसली होती, धापा टाकत होती. "बूट वाजले की बाबा कधीच उघडणार नाहीत. मी आले. तू काही बोलू नकोस. मी आले."

तोवर मी दारापाशी बसून आतले खोकले ऐकत होते. दोन खोकल्यांमधलं अंतर कमी होत चाललं होतं. माझ्या आयुष्यात मी इतकी कधी घाबरले नाही, आणि पुन्हा तशी घाबरायची माझी तयारीही नाही.

ताई आली, किल्लीनं दार उघडून आत आली, शेल्टरपाशी गेली आणि दारावर तळवे टेकून नुसती उभी राहिली.

"अहो, हाक मारा ना!" मी म्हणाले.

"मारता येत नाही मला." मग दाराकडे बघतच ती हळू आवाजात मला सांगायला लागली, एखाद्या डॉक्टरला लक्षणं सांगावीत तशी. तिला एक मोठा भाऊ होता, कॉलेजात शिकणारा. ती सहा-सात वर्षांची असेल. दिवेलागणीच्या वेळी बंदूकवाले दादाला घेऊन दारात आले आणि त्याला हाक मारायला लावली, 'बाबा, दार उघडा'. घरात आई, ती आणि साहेब. दार उघडलं असतं तर सगळेच गेले असते. साहेबांनी उघडलं नाही. दादा हाका मारत राहिला. मग हाका थांबल्या. पुढे तो नदीच्या पलीकडच्या काठावर सापडला.

"पुढच्या निवडणुकीत लोकांनी भाषणं केली, ज्यानं दार उघडलं नाही त्या वाघाला मत द्या," ताई म्हणाली. "बाबा कधी नव्हे इतक्या मतांनी आले. मंत्री झाले. आणि आईनं मरेपर्यंत त्यांना दार उघडलं नाही. ते किल्ली घेऊन फिरायचे. आम्ही सगळेच."

आतून मिनू खोकली. या वेळी खोकला थांबेचना, आणि त्याच्यामागून शिट्टीसारखा श्वास आला. ताई बोलायची थांबली. मग जी हाक तिनं जन्मात कधी मारली नव्हती ती तिनं मारली.

"बाबा! दार उघडा!"

आत काहीतरी सरकलं. "आवाज नाही करायचा," साहेबांचा आवाज आला, पार कुठून तरी खोलातून.

"आजोबा, दॅट्स ममी ला." मिनूचा घसा घरघरत होता. "आजोबा, ओपन ला. आय कॅन्ट..."

"तिले पकडून आणलं आहे. तिच्या मागं कोण आहे ते दिसत नाही. गप."

ताई मटकन खाली बसली. तिनं दाराच्या खालच्या कडेपाशी तोंड नेलं. आणि ती बोलायला लागली तेव्हा तिची ती ऑफिसातली मराठी राहिली नाही, जंगलातल्या त्या गावची झाली.

"बाबा, त्या दिवशी दादा दोनदा बोलला. पहिले मोठ्यानं बोलला, ते त्याइनं बोलायला लावलं. मंग हळू बोलला. मी दाराच्या खालच्या फटीपाशी होती, मले ऐकू आलं. मले म्हणाला, बाबाले सांग, दार उघडू नोका. दोनदा म्हणाला. मी भ्यायली, तुमाले सांगितलं नाही. आज सांगते. दादानंच सांगितलं होतं, बाबा. तुमी त्याचं ऐकलं. आता माह्यं ऐका. माह्यामागं कोणी नाही."

मिनूनं दोन-तीन श्वास ओढले. मग आत काठी पडली.

दार उघडलं. मिनू ताईच्या अंगावर कोसळली, मी इनहेलर घेऊन धावले. पुढची धावपळ, डॉक्टर, तिला एक रात्र हॉस्पिटलात ठेवलं ते, सगळं मला तुकड्यातुकड्यांत आठवतं. पण साहेब मला अखंड आठवतात. ते शेल्टरच्या जमिनीवर बसले होते, खुर्ची नव्हती ना, आणि त्यांच्या अंगातला सदरा घामानं निथळत होता. ताईकडे बघून त्यांनी विचारलं, "हे खरे आहे काय?"

"होय, बाबा."

मिनू बरी होऊन घरी आली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांनी आतलं लाकडी दार उघडलं आणि जाळीसमोर खुर्ची टाकून बसले. समोरच्या चिनी आजीनं हात केला, त्यांनीही केला. मिनू शाळेतून आली आणि तिनं जाळीबाहेरून "आजोबाऽऽ" अशी आरोळी ठोकली. मी आणि ताई स्वयंपाकघरात जागच्या जागी थिजलो. साहेब उठले. कुलपाला किल्ली लागेना, पण त्यांनी दार उघडलं.

ताई ओट्याला धरून रडली. तिचं रडून झाल्यावर मी म्हणाले, "एवढी वर्षं हे मनात ठेवलंत? आधीच सांगायचं होतं ना त्यांना."

तिनं नळ सोडला, तोंड धुतलं. नळ चालूच ठेवला.

"मी झोपले होते गं," ती म्हणाली. "आईनं मला पलंगाखाली सरकवलं होतं, मी तिथेच झोपून गेले. दादा काय म्हणाला, मला काय माहीत? मी त्याच्या हाकासुद्धा ऐकल्या नाहीत. सगळं आईकडून ऐकलेलं."

मी हिशेबातली बाई. चुकीचा आकडा पाहिला की माझ्या अंगावर काटा येतो. पण त्या वाक्यातलं खरंखोटं करायची मला इच्छा झाली नाही.

भीती तिथे संपली असती तर बरं झालं असतं. मिनूची संपली. ती पुन्हा शाळेत आरडाओरडा करायला लागली आणि टीचरची तक्रार आली की फार बोलते. साहेबांची पुष्कळ कमी झाली. पण ती ताईकडे गेली. कारण रोज दिवेलागणीला साहेब तिला विचारत, "काय म्हणाला होता तो?" आणि ताईला ते जसंच्या तसं सांगावं लागे. मोठ्यानं आधी, हळू नंतर. फटीपाशी. दोनदा. साहेब डोळे मिटून ऐकत. आयुष्यभर मंत्र्यांच्या उत्तरातली विसंगती पकडलेला माणूस! ताई भाजी चिरताना ती वाक्यं पुटपुटताना मी ऐकली आहे. कामावरून यायला उशीर झाला की तिचा चेहरा पांढरा पडे. एकदा ती 'दाराशी' म्हणाली, 'फटीपाशी' म्हणाली नाही. साहेबांनी डोळे उघडले आणि बराच वेळ तिच्याकडे पाहिलं. मग त्यांनी डोळे मिटले आणि ताई पुढे सांगत गेली.

वर्षभरानं मला बँकेनं आपल्या मुंबईच्या ऑफिसात बोलावलं. निघायच्या दिवशी दुपारी ताई कामावर, मिनू शाळेत. मी बॅगा दाराशी ठेवून साहेबांच्या पाया पडले. "जाते, साहेब."

"बसा जी."

मी बसले. त्यांनी सदऱ्याची बटणं गळ्यापर्यंत लावली होती. काठी दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये उभी धरून त्यांनी घसा साफ केला, आणि मला वाटलं, हा माणूस सभागृहात उठून उभा राहायचा तेव्हा असाच दिसत असेल.

"पुणेकर बाई, तुम्ही त्या दिवशी तिथे होता. माझी मुलगी जे सांगते, हे खरे आहे काय?"

मला स्वयंपाकघरातला तो चालू नळ आठवला. भिंत पातळच होती आणि त्यांचे कान तिखट.

"होय, साहेब," मी म्हणाले. "हे खरे आहे."

फार पटकन म्हणाले मी. माझं मलाच ते कळलं. साहेब माझ्याकडे बघत होते. मी मनातल्या मनात तयारी करत होते, फट केवढी होती, ती कुठे बसली होती, सहा वर्षांच्या पोरीला एवढं कसं आठवतं, आई कुठे होती. प्रत्येकाला काहीतरी उत्तर जुळवत होते.

साहेब सावकाश उठले. जाळीचं कुलूप काढलं, दार पूर्ण उघडलं आणि माझी हलकी बॅग स्वतःच्या हातानं उचलून बाहेर कॉरिडॉरमध्ये ठेवली.

"नीट जा, बाई," ते म्हणाले. "पोहोचल्यावर फोन करा."

लिफ्ट येईपर्यंत मी वळून वळून बघत होते. ते उघड्या दारात उभे होते, काठीवर दोन्ही हात ठेवून, माझ्याकडे बघत. साहेबांनी उपप्रश्न विचारला नाही.